वॉरहॅमरचा सामना चित्रित करायचाय? कॅमेऱ्याचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघे मित्र दर रविवारी एकाच्या घरी वॉरहॅमर 40,000 खेळतात, म्हणजे रंगवलेल्या छोट्या सैनिकांची, फाशांवर चालणारी टेबलावरची लढाई. त्यांनी चॅनल काढलं, फोन ट्रायपॉडवर लावला आणि सव्वातीन तासांचा सामना जसाच्या तसा चढवला. आलेले बहुतेक लोक दोन मिनिटांत पसार झाले. आता चौघांनी वर्गणी काढून साठ-सत्तर हजारांचा कॅमेरा घ्यायचा विचार आहे. घ्यावा का? आणि बोलायचं मराठीत की इंग्रजीत?

कॅमेऱ्याचं उत्तर लगेच देते: सध्या नको. हे मी अनुभवाने सांगतेय, कारण माझ्याकडे कॅमेरा पहिल्या दिवसापासून होता. पोटापाण्यासाठी मी पुण्यात लग्नांच्या आणि कंपन्यांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, आणि गेली सहा वर्षं रविवारी आमच्या ग्रुपचे सामने शूट करते. पहिले आठ-दहा सामने मी कामाच्या महागड्या कॅमेऱ्यावर घेतले. चित्र काचेसारखं स्वच्छ, आणि व्हिडिओ इतका कंटाळवाणा की जे खेळले होते तेसुद्धा पुरता बघत नव्हते.

चूक कुठे होतेय ते मला आईने सांगितलं. जेवताना टीव्हीवर रफ कट, म्हणजे कच्चं एडिटिंग, लावला होता. ती दहा मिनिटं गुपचूप बघत होती. मग भाताचा घास हातात तसाच ठेवून म्हणाली, "फासे पडले की तुम्ही सगळे ओरडता. पण पडायला किती हवे होते?"

सगळं दुखणं एवढंच आहे. आपण खेळणारे असतो, आपल्याला आकडा डोक्यात दिसतो. बघणाऱ्याला दोन फासे दिसतात आणि एक दाढीवाला मुलगा कपाळाला हात लावताना दिसतो. क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात 12 हव्यात हे स्क्रीनवर आधीपासून लिहिलेलं असतं, म्हणून एक धाव निघाली तरी काळजात चर्र होतं. आपण ते समीकरण दाखवतच नाही. उत्तर तेवढं दाखवतो.

एक उदाहरण सविस्तर घेते. 2023च्या दहाव्या आवृत्तीचे नियम धरू. टर्मिनेटर या जड चिलखतवाल्या सैनिकांचं युनिट, म्हणजे तुकडी, डीप स्ट्राइकने, म्हणजे थेट मैदानाच्या मध्येच, उतरतं, शत्रूपासून 9 इंचांपेक्षा थोडं लांब. लगेच चार्ज करायचा, म्हणजे धावून भिडायचं, तर दोन फाशांची बेरीज 9 किंवा जास्त यायला हवी. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी अशा फक्त 10 आहेत, म्हणजे 28 टक्क्यांच्या आसपास. कमांड री-रोलसाठी, म्हणजे फासे पुन्हा टाकायला, एक पॉइंट राखून ठेवला असेल तर एकूण शक्यता 48 टक्क्यांच्या जवळ जाते. आता खेळाडू फासे हातात घोळवत मोठ्याने म्हणतो, "नऊ हवेत. नाही आले तर शेवटचा पॉइंट जाळणार, आणि तरी नाही आले तर हे पाच जण उघड्यावर मरणार." मग तो फासे टाकतो. पडतात 4 आणि 4. त्या आठावर ज्याला खेळ अजिबात येत नाही तोसुद्धा "अरेरे" म्हणतो. वाक्य काढून तोच शॉट बघा, काहीच वाटणार नाही.

म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे: आकडा आधी, फासे नंतर. जो विसरेल तो सगळ्यांना चहा पाजतो. पहिले दोन महिने आमचा चहाचा खर्च प्रचंड झाला. आता आकडा आपोआप तोंडातून येतो. सगळ्याच फाशांना हा मान द्यायची गरज नाही हेही सांगते. बोल्टर बंदुकांचे वीस रोल, मग वूंड (जखम झाली का), मग सेव्ह (वाचला का), याचं समालोचन कुणालाच नको असतं. ते एडिटिंगमध्ये उडवायचं आणि "सहा मेले" एवढं दाखवायचं. ज्या रोलवर सामना वळू शकतो असे एका सामन्यात आठ-दहा असतात. ते ओळखून तिथे थांबायला शिकणं ही खरी कारागिरी.

आता चित्राकडे येऊ. तुमचा फोन कोपऱ्यात ट्रायपॉडवर आहे, म्हणजे बघणाऱ्याला जवळच्या इमारतींच्या पाठी आणि लांबच्या सैन्याचे ठिपके दिसतात. वरून एक कॅमेरा लागतोच. पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे गणिताने बघा, कारण इथेच लोक पैसे घालवतात.

दोन हजार पॉइंटांच्या, म्हणजे पूर्ण आकाराच्या सैन्यांच्या, सामन्याचं टेबल 60 बाय 44 इंच, म्हणजे साधारण 152 बाय 112 सेंटिमीटर. व्हिडिओची चौकट 16:9, म्हणजे टेबलापेक्षा बरीच लांबट. 112 सेंटिमीटर उंची बसवायची तर चौकटीत 199 सेंटिमीटर रुंदी येते. फोनची मुख्य लेन्स व्हिडिओत साधारण 28 मिलिमीटरसारखं बघते असं धरलं, तर फोन टेबलापासून दीड मीटरच्या थोडा वर टांगावा लागतो. टेबलाची उंची त्यात मिळवली की झाले जमिनीपासून सव्वादोन-अडीच मीटर. आपल्या फ्लॅटमध्ये तिथे नेमका पंखा असतो! टेबल पंख्याखालून सरकवावं लागतं. अल्ट्रावाइड लेन्स लावून फोन खाली आणायचा मोह आवरा. कडेच्या इमारती बाहेरच्या बाजूला झुकलेल्या दिसतात आणि त्यांच्यामागचं सैन्य गायब होतं.

पुढचं गणित जास्त बोलकं आहे. 1080पी चित्राची रुंदी 1920 पिक्सेल, भागिले 199 सेंटिमीटर. एका स्पेस मरीनचा, म्हणजे खेळातल्या नेहमीच्या सैनिकाचा, बेस (पायाखालची चकती) 32 मिलिमीटरचा. वाट्याला आले सुमारे 31 पिक्सेल. फोनवर बघणाऱ्याला तुमचा तीन संध्याकाळी खपून रंगवलेला सार्जंट मसुराच्या दाण्याएवढा दिसणार. 4के कॅमेरा घेतला तर 62 पिक्सेल, पण आकार तेवढाच, मसूर फक्त जास्त रेखीव. सत्तर हजार रुपये मसूर रेखीव करायला घालवू नका. वरचा कॅमेरा हा नकाशा आहे. कोण कुठे आहे, कोणतं ऑब्जेक्टिव्ह (ताब्यात घ्यायची जागा) कुणाकडे आहे एवढंच त्याने सांगायचं. एक फायदा फुकटात मिळतो: टेबलाच्या दोन्ही बाजूंना ज्या पट्ट्या रिकाम्या राहतात तिथे डावीकडे एका खेळाडूचे पॉइंट, उजवीकडे दुसऱ्याचे, आणि त्यातल्याच एका पट्टीत कितवा राउंड चालू आहे ते. मी सुरुवातीला तिथे चक्क पुठ्ठ्याच्या पाट्या ठेवायचे आणि आकडे खडूने बदलायचे. अजूनही मला त्या पाट्या स्क्रीनवरच्या ग्राफिकपेक्षा आवडतात.

टांगायचं कशावर? पुण्यात बोहरी आळीत रॅकचे भोकांवाले लोखंडी अँगल मिळतात. दोन उभे, एक आडवा, नट-बोल्ट, खाली वजनाला वाळूच्या पिशव्या. आमचं तसंच आहे. फक्त फोनला किंवा कॅमेऱ्याला वेगळी दोरी बांधा. माझा क्लॅम्प एकदा तिसऱ्या राउंडला सैल झाला आणि फोन थेट एका मित्राच्या ड्रेडनॉटवर, म्हणजे सैन्यातल्या मोठ्या चालत्या यंत्रावर, पडला. फोनला काही झालं नाही. ड्रेडनॉटचा हात आणि आमचं बोलणं, दोन्ही जुळायला महिना लागला.

भाव खातात ते जवळचे शॉट, आणि त्यांना फोन उत्तम. युक्ती साधी आहे: फोन उलटा धरा, लेन्स खाली येऊ द्या, आणि तो टेबलावर टेकवा. आता लेन्स त्या चार सेंटिमीटरच्या सैनिकाच्या डोळ्याच्या पातळीला आली. मागची पडकी इमारत तिमजली वाटायला लागते. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो भाल्यांची टोकं आणि अँटेना पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. फोकस आणि एक्स्पोजर बोटाने दाबून लॉक करा. हे वरच्या फोनलाही लागू. नाहीतर काळ्या बाह्यांचा शर्ट घातलेला हात टेबलावर आला की सगळं चित्र उजळतं, हात गेला की परत काळवंडतं. दर वेळी.

आणि प्रत्येक टर्न संपली की "हात बाजूला" अशी हाक द्या. सगळ्यांनी दोन पावलं मागे जायचं, दहा सेकंद टेबल स्वच्छ दिसू द्यायचं, तेवढ्यात कुणीतरी दोन-तीन जवळचे शॉट घ्यायचे. ही दहा सेकंदं एडिटिंगला सोन्यासारखी असतात. ती नसतील तर तुमच्याकडे तीन तास माणसांची टाळकी असतात. आमच्यातल्या एकाच्या टकलाला तर स्वतंत्र चाहतावर्ग आहे.

प्रकाशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकतायत असं लिहिलंय, ते फोन बिघडल्यामुळे नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोन सेकंदाला 30 फ्रेमने घेतो आणि शटर मनाला येईल तसं बदलतो, दोघांचा ताल जुळत नाही. 25 फ्रेम आणि शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, पट्टे जातील. आयफोनच्या सेटिंगमध्ये पीएएल फॉरमॅट चालू केले की 25 फ्रेम दिसतात. इतर फोनवर शटर हाताने ठरवता येईल असं ॲप घ्या. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट आहे, चांगलं आहे.

दिवे मात्र विकत घ्या, सगळ्यात आधी. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून चार फुटी एलईडी बॅटन दोन, एकाच रंगाच्या, शक्यतो खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा पुढे लिहिलेल्या. कमी असेल तर लाल रंग विटकरी दिसतो, आणि ज्याने ब्लड एंजल्स हे लाल सैन्य रंगवलंय तो तुमच्यावर रुसतो. बॅटन टेबलाच्या दोन लांब बाजूंना, थोड्या उंचीवर, समोर बटर पेपर. वरून थेट एकच दिवा ठेवलात तर शिरस्त्राणांखाली चेहरे काळे पडतात आणि ग्लॉस वार्निशवर पांढरे ठिपके चमकतात. मॅट वार्निश मारलेलं सैन्य कॅमेऱ्याला केव्हाही बरं. (मारायचंच तर पावसाळ्यात स्प्रे नको. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. जुलैमध्ये मी एक अख्खं पथक असं घालवलंय.) पंखा दिव्याच्या खाली असेल तर त्याच्या सावल्या टेबलावर गरगरतात, म्हणून तो बंद. मे महिन्यात आम्ही सकाळी सातला सामना सुरू करतो, याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

पंखा बंद झाला की आवाजाचं निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी कॉलरचे दोन माइक. कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक याने पडतो. वाईट चित्र लोक सोसतात, पण घुमणारा आवाज कुणी सोसत नाही. खोली घुमत असेल तर भिंतीला दोन गोधड्या लावा, चौकटीत येणार नाहीत अशा. फासे प्लायवूडवर पडले की माइकमध्ये गोळीबार होतो, तेव्हा तळाला फेल्ट लावलेला ट्रे ठेवा. ट्रे नेहमी एकाच जागी हवा, म्हणजे जुना पडून असलेला एखादा फोन फक्त त्याच्यावर लावता येतो. फासे एका रंगाचे, ठिपके उलट रंगाचे. सहाच्या जागी कवटी किंवा चिन्ह कोरलेले शौकीन फासे घरी ठेवा. ते एक आहेत की सहा यावर कमेंटमध्ये भांडणं होतात, आणि भांडणाऱ्यांचं बरोबर असतं.

सगळी रेकॉर्डिंगं चालू झाली की कॅमेऱ्यांसमोर एकदा टाळी वाजवा, एडिटिंगमध्ये तिच्यावरून आवाज-चित्र जुळतं. मेमरीचा अंदाज: 50 एमबीपीएसने (सेकंदाला 50 मेगाबिट) ताशी साडेबावीस जीबी, म्हणजे साडेतीन तासांचे ऐंशीच्या घरात, आणि हे एका कॅमेऱ्याचं. जुने बरेच स्टिल कॅमेरे 29 मिनिटं 59 सेकंदांना आपोआप थांबतात, युरोपातल्या जकातीच्या नियमामुळे ती मर्यादा आली होती. सेकंडहँड घेणार असाल तर हे आधी विचारा. फोनला अशी मर्यादा नसते.

इथवरचा हिशेब केलात तर फोन तुमचेच, आणि खर्च दिवे, माइक, अँगल, ट्रे एवढाच. वर्गणीचा मोठा भाग शिल्लक राहतो.

एडिटिंग किती करायचं हे तुमच्याकडे वेळ किती आहे त्यावर आहे, आणि त्यावरच व्हिडिओचा प्रकार ठरतो. मला एका सामन्यामागे दहा-बारा तास लागतात, साडेतीन तासांचे पंचेचाळीस मिनिटं करायला. हे कामाच्या सवयीने, तुम्हाला सुरुवातीला जास्त लागतील. ते जमणार नसेल तर थेट प्रक्षेपण करा. ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तीन कॅमेरे तीन बटणांवर लावता येतात. पण मग बटणं दाबायला आणि बोलायला एक न खेळणारा माणूस हवा. खेळता खेळता दोन्ही करणारा मी अजून पाहिला नाही. चौघे आहात, तर दोघं खेळा आणि दोघं चालवा, पुढच्या रविवारी उलट. स्पर्धेचं शूटिंग असेल तर प्रेक्षक अख्खा सामनाच मागतात, प्रत्येक हालचाल बघतात, तिथे माझी कापाकापी चालत नाही. घरच्या सामन्याला ती हवीच.

सगळ्यात जास्त कात्री मूव्हमेंट फेजला, म्हणजे सैन्य हलवण्याच्या टप्प्याला, लागते. हलवण्याआधीचा वरचा शॉट, हलवल्यानंतरचा वरचा शॉट, मधली वीस मिनिटं बाद. त्याजागी खेळाडूचं एक वाक्य: "मी डावी बाजू सोडून देतोय, सगळं मधल्या ऑब्जेक्टिव्हवर लोटतोय." ही कल्पना माझी नाही. हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं व्हाइट ड्वार्फ मासिक 1977 पासून निघतंय, त्यात कित्येक वर्षं छापील बॅटल रिपोर्ट यायचे: आधी दोन्ही सेनापतींचं मनोगत, मग नकाशे आणि बाण, आणि मोक्याच्या जागी मोठा फोटो. कागदावर हालचाल दाखवता येत नाही, म्हणून त्यांना निर्णय दाखवावे लागले. आपल्याकडे व्हिडिओ आला आणि आपण निर्णय दाखवायचंच विसरलो. तेव्हा सामन्याआधी दोघांना वेगवेगळं बाहेर न्या, गॅलरीत उभं करा आणि एकेक मिनिट विचारा: काय करणार, आणि भीती कशाची आहे? समोरच्याने ते ऐकता कामा नये. हा तुकडा सुरुवातीला लावा. पुढचा पाऊण तास बघणाऱ्याला दोन्ही खेळाडूंपेक्षा जास्त माहीत असतं, आणि माणूस त्या मजेसाठी थांबतो.

भाषेचं म्हणाल तर मराठीत करा. चार्ज, सेव्ह, वूंड, युनिट हे शब्द तसेही इंग्रजीच राहणार. प्रश्न मधल्या जागेचा आहे. आम्ही वर्षभर इंग्रजीत बोललो. व्याकरण सांभाळण्यात सगळे इतके गुंतायचे की वॉरलॉर्ड, म्हणजे सेनापती, मेला तरी कुणी ओरडायचं नाही. पहिल्यांदा मराठीत शूट केलं त्या दिवशी शेवटच्या सेव्हला एक पडल्यावर "अरे मेला की रे हा, भोपळा!" असं उत्स्फूर्त निघालं. तो आवाज नक्कल करून येत नाही. परदेशातल्यांसाठी इंग्रजी सबटायटल द्या. बाकी 5+ (पाच किंवा जास्त) आणि 2000 जगभर तसेच वाचले जातात. मराठीत बघणारे थोडे असतील हे धरून चाला. या छंदाचा खर्च बघता आपल्याकडे खेळणारेच थोडे आहेत.

परवानगीचं दोन ओळींत. चॅनलच्या नावात किंवा लोगोत वॉरहॅमर, स्पेस मरीन वगैरे नको, ती गेम्स वर्कशॉपची ट्रेडमार्क आहेत, आणि 2021 मध्ये चाहत्यांच्या ॲनिमेशन फिल्मांबाबत कंपनीने पवित्रा कडक केला होता. त्यांची चित्रं थंबनेलला न वापरता तुमच्या रंगवलेल्या सैन्याचा फोटो लावा. सिनेमाचं संगीत तर अजिबात नको. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत युद्धाला पुरेल एवढा ढोलताशा आहे.

सगळं एकदम जड वाटत असेल तर किल टीमने, म्हणजे याच खेळाच्या छोट्या प्रकाराने, सुरुवात करा. त्याचं मैदान सुमारे 22 बाय 30 इंच, फोन टेबलापासून पाऊण मीटरच्या थोडा वर टांगला तरी सगळं बसतं, दोन्हीकडे मिळून थोडीशीच माणसं, आणि सामना चारच फेऱ्यांत संपतो. तोच सैनिक तिथे मसुराचा वाटाणा होतो, एक रुपया न खर्चता.

आणि कॅमेरा? तो घ्यायची वेळ आली की नाही हे असं बघा. पुढच्या सामन्याचा पहिला राउंड कापून घरातल्या खेळ न येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. चार्जच्या रोलआधी व्हिडिओ थांबवा आणि विचारा, किती पडायला हवेत, नाही पडले तर काय होईल? दोन्ही उत्तरं बरोबर आली आणि वर "पण ते नीट दिसत नाहीये गं" अशी तक्रार आली, तर वर्गणी काढा.